सोमीच्या घराखालची जमीन

वसई,
उपवासकाळाचा दुसरा आठवडा

प्रिय व्हेरा,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तू कामावर निघालेली असतेस, मी झोपायला आलेली असते, आणि मधेच तुझा नातू फोन ओढून मला त्याचे दात दाखवतो. म्हणून लिहायला बसले. तब्येत ठीक. गुडघे आहेत तसेच, साखरेची गोळी डॉक्टरांनी वाढवली. विली मजेत आहे.

वाडी जातेय. दोन्ही भावांचा होकार आहे. पास्कूने ठरवलं, नेल्सनने दुबईहून व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला. विहिरीपासून बावखलाच्या तळ्यापर्यंत सगळी, कारण डेव्हलपरला सलग हवी. आता फक्त माझी सही राहिलीय. वाडीसाठी रडायचं होतं ते केव्हाच रडून झालं. मजूर मिळत नाहीत, विहिरीचं पाणी मचूळ झालंय, दादरला फुलं घेऊन पहाटेच्या गाडीत चढायला घरात आता कुणी नाही. पास्कूचं यात काही चुकतंय असं मी म्हणत नाही. माझा जीव अडकलाय तो आमच्या वाडीतल्या सोमीच्या घरात.

ते घर तुझ्या डोळ्यांसमोर असेल. रस्त्याच्या कडेला, चाफ्याच्या पलीकडे. तेव्हा कुडाचं होतं, आता विटांचं आहे, वर सिमेंटचे पत्रे. पण अंगण ती अजून शेणाने सारवते आणि राजेळीची सुकेळी अजून तिथेच वाळत घालते. मागच्या महिन्यात गेले तर चटईवर सोललेल्या केळ्यांच्या रांगा होत्या. ती एकेक केळं बोटांनी दाबून, उलटून ठेवत होती. म्हणाली, "मोनीबाय, यंदाची न्या, पुढल्या वर्षी कुठे असणार मी." एवढंच बोलली आणि पुढच्या रांगेकडे वळली. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

पास्कू म्हणतो, पैसे देऊ तिला, चांगले देऊ. त्याचा आकडा वाईट नाही, आमच्या आळीत इतका कुणी दिला नसेल. पण त्यात सोमीला मिळणार काय? पूर्वेच्या एखाद्या चाळीत खोली. 2025 च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात 41 अनधिकृत इमारती पाडल्या, त्यातल्या लोकांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती ना? कागदातलं खरंखोटं तुला-मला कळत नाही, सोमीला कोण सांगणार? आणि तिचं काम सगळं इथलं. पहाटे चार वाड्यांतली फुलं खुडायची, दुपारी कुणाची केळी उतरवायची. पूर्वेला जाऊन ती काय खुडणार?

आजोबांच्या पेटीतले कागद वकिलाला हवे होते म्हणून मी पेटी उपसली. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत 32-म चा, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचा, दाखला निघाला. हे आपण लहानपणी शंभरदा ऐकलंय, पण तो कागद हातात घेतल्यावर वेगळंच वाटलं. आजोबा कूळ होते. जमीन दुसऱ्याची, खंड भरायचा, आणि सावकाराच्या ओटीवर चप्पल काढून उभं राहायचं. मग 1 एप्रिल 1957 आला, कुळांना मालक मानलं गेलं. किंमत आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पटींच्या आत ठरायची, तीसुद्धा हप्त्यांनी फेडायची. हप्त्यांच्या पावत्या आजोबांनी सुतळीने बांधून ठेवल्यात. म्हणजे ज्या वाडीवर आमचं घर, आमचं शिक्षण, माझ्या लग्नातला बँड सगळं उभं राहिलं, ती कष्टाने मिळाली हे खरं आणि कायद्याने पदरात टाकली हेही तितकंच खरं. विकायलासुद्धा आता कलेक्टरची परवानगी लागत नाही, आकाराच्या 40 पट नजराणा भरला की मोकळं. आकार किती असतो ते तुला माहीतच आहे. डेव्हलपरच्या एका जेवणाचा खर्च त्याहून जास्त असेल.

आणि त्याच 1957 साली त्याच वाडीत सोमीचा आजोबा रहाट हाकत होता. तो जव्हारकडून आला होता. त्याच्या लग्नाला आमच्या आजोबांनी पैसे दिले, ही गोष्ट आमच्या घरात उपकार म्हणून सांगतात. ते पैसे फेडण्यात त्याची किती वर्षं गेली, हे कुणी सांगत नाही. तलासरीकडच्या वारल्यांनी 1945 मध्ये लग्नाच्या कर्जापायी राबवून घ्यायच्या लग्नगड्याच्या चालीविरुद्ध उठाव केला होता, आपल्याकडे त्याच चालीला प्रेमाचं नाव होतं. कायद्याने विचारलं, जमीन कोण कसतो? उत्तर आलं, कूळ. सोमीच्या आजोबाचं नाव ना पीकपाहणीत, ना इतर हक्कात. तो मजूर ठरला. दोघांचे पाय एकाच चिखलात होते, व्हेरा. एकाला सातबारा मिळाला, दुसऱ्याला नाताळात नवं लुगडं आणि वड्यांचं ताट.

पास्कूला हे सगळं वाचून दाखवलं. तो ऐकून घेतो, तसा मनाचा मोठा आहे. पण कॅटेकिझममध्ये पहिला यायचा ना, तर माझ्यावर बायबलच उलटवलं. म्हणतो, जमीन विकून थोडे पैसे लपवणाऱ्या हनन्या आणि सप्पीराची गोष्ट वाच. पेत्र स्पष्ट म्हणतो, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. म्हणजे देणं सक्तीचं नाही, त्यांचं पाप खोटं बोलण्याचं. वर पौलाचं वाक्य, देवाला संतोषाने देणारा आवडतो, कुरकुरत देणारा नाही. मी म्हटलं, त्याच पानावर आधी बर्णबा आहे, त्याने शेत विकलं आणि सगळे पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले, ते पान तू का उलटत नाहीस? वहिनी म्हणाली, तुम्ही दोघं फादर आणि सिस्टर झाला असता तर आमची सुटका झाली असती. मग सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला.

पास्कू कंजूस नाही, म्हणूनच मला जास्त त्रास होतो. देवळाच्या आवारातल्या नव्या ग्रोटोला, त्या गुहेसारख्या देव्हाऱ्याला, त्याने घसघशीत रक्कम कबूल केलीय. संगमरवरी पाटी लागणार, आईबाबांच्या नावाची. आईचं नाव दगडावर बघायला मलाही आवडेल, खोटं कशाला सांगू? पण राखेच्या बुधवारी आपण दरवर्षी काय ऐकतो? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. आणि चौथ्या शतकात संत जॉन ख्रिसोस्टोमने अंत्युखियाच्या लोकांना सांगितलं होतं, इथे मंदिरात ख्रिस्ताला रेशमाने सजवता आणि बाहेर तोच थंडीत उघडा पडलाय, त्याच्याकडे पाठ फिरवता. ग्रोटो व्हावा. पण सोमीचं घर पाडून आलेल्या पैशातून तो झाला, तर मी तिथे गुडघे कसे टेकू?

गुरुवारी मिस्सात श्रीमंत माणूस आणि लाजरची गोष्ट होती. दरवर्षी असते, यंदा मात्र ती सोडेना. त्या श्रीमंताने लाजरला हाकललं नाही, मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसता रोज त्याच्या समोरून आत-बाहेर करत राहिला. आणि मेल्यावर अब्राहामाला काय म्हणतो? लाजरला पाठव, त्याचं बोट पाण्यात बुडवून माझी जीभ ओली करू दे. म्हणजे नाव ठाऊक होतं त्याला! दारातल्या माणसाचं नाव पहिल्यापासून माहीत, आणि नरकातूनही त्याला कामच सांगतोय. माझ्या अंगावर काटा आला. आपल्याला सोमीचं नुसतं नाव नाही, तिच्या आईचं, आजीचं, मेलेल्या दोन्ही पोरांचं नाव माहीत आहे.

बाबांची मयत आठवते? तू आली होतीस त्या वर्षी. सोमी देवळात शेवटच्या बाकामागे उभी होती. झोळी फिरली तेव्हा तिने पदराची गाठ सोडली, नोट काढली आणि घडी न उलगडता आत टाकली. ती ख्रिस्ती नाही. तिला कुणी दशमांश शिकवला नाही, दोन टोल्या, म्हणजे होती तेवढी नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगितली नाही. तू मला कोपराने ढोसून दाखवलंस, म्हणून मला कळलं. तेव्हाच तू म्हणाली होतीस, आपण सगळ्यांनी मिळून आज टाकलं त्यापेक्षा हे जास्त आहे.

मी ख्रिस्ती आहे म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला इतकं स्पष्ट कधीच दिसलं नव्हतं. संत अँब्रोजने राजाने बळकावलेल्या नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर लिहिताना म्हटलंय, गरिबाला तू तुझं काही देत नाहीस, त्याचं त्याला परत करतोस. पोप सहावे पॉल यांनी 1967 च्या आपल्या परिपत्रात ते पुन्हा उद्धृत केलं. पास्कू ज्याला दान म्हणतो त्याला मी देणं म्हणते, थकलेलं देणं. आणि ते ज्याचं आहे त्यालाच द्यायचं. ग्रोटोला नाही, अनाथाश्रमाला नाही, सेंट विन्सेंट डी पॉलच्या पेटीतही नाही. तिथेही देऊ, पण नंतर. बायबलातल्या लेवीयमधला नियम बघ ना, शेताच्या कडेचं पीक कापू नको, सरवा वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. मालकाने कापून, मोजून, फोटो काढून वाटायचा नाहीये तो. कडाच सोडायची. आमच्या वाडीची कड म्हणजे सोमीचं घर.

तर माझं म्हणणं असं. 1925 च्या वारसा कायद्याने भावांइतकाच माझा वाटा आहे. तो मला रस्त्याच्या बाजूला द्या, सोमीच्या घरासकट. उरलेलं तुम्ही विका. माझ्यातलं सोमीच्या घराखालचं आणि अंगणाचं मी बक्षीसपत्राने तिच्या नावावर करते. वकील म्हणतो, इतक्या लहान तुकड्याला तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो, पण रस्ता काढता येईल. खरी अडचण पास्कूने सांगितली आणि ती खोटी नाही. रस्त्याकडची बाजू गेली तर डेव्हलपर सगळ्याच जमिनीचा भाव पाडणार. नेल्सनला दोन मुलींची फी आहे, पास्कूचं बायपासचं कर्ज अजून आहे. मी उदार व्हायचं आणि किंमत भावांनी मोजायची, हे कसलं देणं? यावर मी खूप विचार केला. शेवटी म्हटलं, भाव जितका पडेल तितकं माझ्या वाट्यातून भरून घ्या. विलीने एका शब्दाने अडवलं नाही. रायन मात्र गप्प आहे. त्याला मीरा रोडला फ्लॅट घ्यायचाय, आईचा वाटा येईल असं त्याने धरलं होतं. तो भांडत नाही, पण जेवताना ताटाकडे बघतो. माझ्या मुलाच्या ताटातलं काढून मी सोमीला देतेय का, हा प्रश्न रात्री छातीवर येऊन बसतो. मग वाटतं, रायनला नोकरी आहे, कर्ज मिळेल, डोक्यावर छप्पर आहे. त्याला उशीर होईल एवढंच. सोमीला दुसरी वेळ नाही.

आता तू म्हणशील, मोनी, आमची वाडी गेली तेव्हा तू माझ्याशी वर्षभर बोलली नव्हतीस. नव्हतेच बोलले. वाड्या वाचवायला निघालेल्या हरित वसईच्या मोर्चात फादर दिब्रिटोंच्या मागे आपण दोघी एका फलकाची एकेक काठी धरून चाललो होतो, आणि पाठोपाठ तुझ्या बाबांनी सही केली. तू ओरडली होतीस, "तुझा मोर्चा आमच्या पाच बहिणींची फी भरणार होता का?" देवळात एका बाकावर बसायचो, पण शांतीचा हात द्यायची वेळ आली की तू मुद्दाम मागच्या कार्मेलीन मावशींचा हात धरून बसायचीस, सुटेचना! पण एक गोष्ट मी तेव्हाही मान्य केली होती आणि आजही करते. तुझ्या बाबांनी विकताना त्यांच्या वाडीवर राबणाऱ्या बारक्यादादाला घर बांधून दिलं, सातबाऱ्यासकट. गाजावाजा नाही, पाटी नाही. आम्हाला ते त्यांच्या मयतीनंतर कळलं. म्हणून हे सगळं तुलाच लिहितेय. इथल्या कुणाला सांगितलं तर म्हणतात, सोमीला पैसे मिळतायत ना, मग तुझं दुखणं काय.

फादरांशीही बोलले. ते म्हणाले, ग्रोटो थांबू शकतो, पास्कूला मी स्वतः सांगेन, पण घरातलं आधी घरात मिटवा.

तुझ्या मुलीच्या नव्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. लेस्लीची पाठ कशी आहे? बर्फ साफ करायला माणूस लाव. आणि तुझ्या नातवाला मराठी शिकव, निदान "आजी, मासे" एवढं तरी.

एक काम आहे तुझ्याकडे. पास्कूला फोन कर. तो अजून तुझं ऐकतो. बारावीत तुझ्यासाठी रोज सायकलवरून तीन किलोमीटर उलटा जायचा, ते वहिनीलासुद्धा माहीत आहे आणि ती त्यावरून त्याला अजून चिडवते. त्याला सायकलची आठवण करून देऊ नकोस, तुझ्या बाबांनी बारक्यादादासाठी काय केलं आणि तेव्हा तुमच्या घरात काय वाद झाले, ते सांग. भाव त्यांचाही पडला होता का, हे मला माहीत नाही, तुला असेल. खरं काय ते सांग, माझ्या बाजूने वळवून नको. रविवारी तुमची सकाळची मिस्सा झाली की लाव, तेव्हा इथे संध्याकाळ असते आणि तो ओटीवर एकटाच बसलेला असतो. पुढच्या आठवड्यात वकिलाकडे जायचंय, त्याआधी झालं तर बरं.

सुकेळी पार्सलने पाठवते. सोमीने वेगळी बांधून ठेवलीत, तुझं नाव घेऊन.

तुझी,
मोनी