विदेशी प्राण्यांची नोंदणी झाली, विलगीकरणाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इग्वाना, बॉल पायथन, मकाव, आफ्रिकेचे सल्काटा कासव, मूठभर आकाराची मार्मोसेट माकडे घरी पाळणे आता गोव्यातही नवलाईचे राहिलेले नाही. ‘केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केली की सगळे कायदेशीर’ असा समज मात्र पाळणाऱ्यांत घट्ट बसला आहे. नोंदणीतून प्राणी कोणाच्या ताब्यात आहे एवढेच कळते. त्याच्या अंगावर, आतड्यात, श्वासनलिकेत काय आहे ते नोंदणी बघत नाही. ते बघण्यासाठी क्वारंटाइन, म्हणजे विलगीकरण, असते आणि रस्त्याने परराज्यातून गोव्यात येणारा प्राणी त्यातून गेला आहे की नाही, हे विचारणारा कोणी नाही.

आधी कायद्याचे थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील जाती त्यामुळे चौथ्या अनुसूचीत आल्या. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिने मिळाले, आता नवा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवायचे असते. बजरी, कॉकटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड साइट्सच्या यादीबाहेर आहेत. डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला फिशर लव्हबर्ड मात्र यादीत आहे, हे बऱ्याच दुकानदारांनाही ठाऊक नसते. आपला हिरवा पोपट देशी वन्यपक्षी आहे. तो पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे, त्याची नोंदणी होत नाही.

परदेशातून प्राणी रीतसर आणायचा तर क्रम असा: राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे ना-हरकत पत्र, विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना, निर्यात करणाऱ्या देशाचा साइट्स परवाना (पहिल्या परिशिष्टातील जातीसाठी भारताचाही), त्या देशाच्या सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, आणि पोचण्याआधी पशू क्वारंटाइन अधिकाऱ्यांना सूचना. जिवंत प्राणी ठरावीक विमानतळांवरूनच आत घेता येतात. गोव्यातल्या माणसाला म्हणून मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते.

बहुतेक घोटाळे कागदांतच होतात. परवान्यावर एक शास्त्रीय नाव आणि दाखल्यावर दुसरे, प्राण्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपच्या १५ अंकांतला एक अंक चुकलेला, दाखल्यावर खाजगी डॉक्टरची सही आहे पण सरकारी प्रतिस्वाक्षरी नाही. परवान्यावरील उगम-संकेताकडे तर कोणी पाहतच नाही. सी म्हणजे बंदिवासात पैदास झालेला, डब्ल्यू म्हणजे जंगलातून पकडलेला. परजीवी आणि विषाणूंचा धोका या एका अक्षराने कितीतरी बदलतो. जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या संहितेत जंगलातून आणलेल्या माकडांना १२ आठवड्यांचे क्वारंटाइन सांगितले आहे ते याचसाठी.

ही काटेकोर व्यवस्था अनुभवातून आली आहे. २००३ च्या एप्रिलमध्ये घानाहून अमेरिकेत सुमारे ८०० लहान सस्तन प्राणी पाळीव म्हणून विकायला आले. त्यांतल्या आफ्रिकी उंदरांकडून एमपॉक्सचा (मंकीपॉक्सचा) विषाणू दुकानातल्या प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांना लागला, आणि प्रेअरी डॉग विकत घेणाऱ्या कुटुंबांना. सहा राज्यांत ४७ माणसे आजारी पडली. आजारी माणसांनी आफ्रिकेतला प्राणी पाहिलाही नव्हता. रोग पसरला तो दोन जातींचे पिंजरे शेजारी ठेवल्यामुळे. २००४ मध्ये थायलंडहून चोरून आणलेल्या दोन गरुडांत एच५एन१ बर्ड फ्लू होता. ते ब्रुसेल्सच्या विमानतळावरच पकडले गेले म्हणून निभावले.

गोव्याने या बाबतीत जास्त जागरूक असायला हवे, कारण गोचिडांतून पसरणारा माकडताप सत्तरी तालुक्याने सोसला आहे. आफ्रिकेतील कासवांवर येणाऱ्या अँब्लिओमा गोचिडांतून गाई, शेळ्या, मेंढ्यांना हार्टवॉटर नावाचा जीवघेणा रोग होतो. म्हणून अमेरिकेने २००० साली सल्काटासह आफ्रिकेच्या तीन जातींच्या कासवांची आयात थांबवली. सल्काटा घेणाऱ्याने मागच्या पायांच्या बगलेत, शेपटीच्या मुळाशी आणि मानेच्या घडीत टॉर्च लावून बघावे. सापडलेला गोचीड हाताने चिरडू नये, चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढावा आणि स्पिरिटच्या बाटलीत ठेवून पशुवैद्यकाकडे द्यावा. अंगणात गुरे असतील तर हे कासव तपासणीआधी अंगणात सोडू नये.

कायदेशीर मार्गाने घेतलेल्या प्राण्यालाही घरी आल्यावर किमान ३० दिवस वेगळे ठेवायला हवे. वेगळे म्हणजे त्याच खोलीतला दुसरा पिंजरा नव्हे: दुसरी खोली, दुसरी हवा, दुसरी भांडी, आणि जुन्या प्राण्यांचे सगळे आटोपल्यावर शेवटी त्याचे काम. पंधराव्या दिवशी आणखी एक पक्षी त्याच खोलीत आणला तर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. तळाला नारळाचा भुसा न घालता पांढरा कागद घालावा, सापाच्या अंगावरचे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) काळ्या ठिपक्यांसारखे लगेच दिसतात. ब्लीच वापरताना आधी विष्ठा धुऊन काढावी, कारण घाणीत ब्लीच निकामी होते. मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी करून दहा मिनिटे ओले ठेवावे. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर ब्लीच चालतच नाही, त्याला उकळते पाणी आणि पूर्ण सुकवणे लागते. आपल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर काही धड सुकत नाही, म्हणून नवा सरपटणारा प्राणी पावसाळा संपल्यावर घेतलेला बरा.

एकदाच विष्ठा तपासून ‘निगेटिव्ह’ म्हणणे चुकीचे आहे. जंतांची अंडी रोज बाहेर पडत नाहीत, काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्यावेत. पोपटांतील सिटॅकोसिसचेही तसेच. जंतू अधूनमधून बाहेर पडतो, म्हणून डोळा, टाळू आणि गुद या तिन्ही जागांचा स्वॅब घ्यावा. हा रोग माणसाला न्यूमोनियासारखा होतो आणि पक्ष्याचा उपचार डॉक्सिसायक्लिनने ४५ दिवस चालतो. दहाव्या दिवशी पक्षी खाऊ लागला म्हणून औषध बंद करणारे घरातल्यांना धोक्यात घालतात. पक्षी मेलाच तर पिसे साबणाच्या पाण्याने भिजवावीत म्हणजे धूळ उडत नाही. मग दोन पिशव्यांत बांधून खाण्याचे काही नसलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत शवविच्छेदनाला न्यावा. फ्रीझरमध्ये गोठवला तर ऊतींची तपासणी नीट होत नाही. बोआ-अजगरांतील एका विषाणूजन्य रोगाची लक्षणे दिसायला महिने लागतात, तिथे ३० दिवस अपुरे पडतात, तीन ते सहा महिने धरावेत. मार्मोसेटच्या बाबतीत धोका उलटाही आहे: माणसाच्या ओठावर उठणाऱ्या साध्या हर्पिसने ते मरते.

सरकारकडे मागणी अशी आहे. वन खात्याने प्रत्यक्ष पडताळणी करताना पशुसंवर्धन खात्याचा डॉक्टर सोबत न्यावा आणि विष्ठा, गोचीड व पोपटांसाठी सिटॅकोसिस तपासणीचा अहवाल नोंदीला जोडावा. पत्रादेवी, पोळे, मोले आणि केरी येथील नाक्यांवर पिंजऱ्यांतले पक्षी-प्राणी दिसले तर कोणते कागद मागायचे, त्याची एक पानी मराठी-कोकणी यादी द्यावी. जप्त केलेले प्राणी थेट बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात नेऊ नयेत, तिथले जुने प्राणी विनाकारण धोक्यात येतात. प्राणिसंग्रहालयापासून दूर दोन खोल्या पुरतील: दुहेरी दार, डासांची जाळी, स्वतंत्र सांडपाणी, स्वतंत्र कर्मचारी आणि मृत प्राण्याच्या विल्हेवाटीची सोय. आणि पाळणे झेपेनासे झाल्यावर इग्वाना किंवा लाल कानाचे कासव तळ्यात, ओहोळात सोडणाऱ्यांसाठी ते परत स्वीकारणारी एक जागा खात्याने जाहीर करावी, दंडाची भीती न घालता.

आपला,
एक पशुवैद्यक, फोंडा