पद्मिनीत जिप्सीचं इंजिन : मित्रास पत्र

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय गजा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. मामांच्या वाड्यात धूळ खात पडलेली प्रीमियर पद्मिनी मोटार तू घरी आणलीस आणि तिच्यात माझ्या पद्मिनीसारखंच मारुती जिप्सी जीपचं इंजिन बसवायचं ठरवलंस. शेवटी लिहिलंयस, "कुठला पत्रा किती जाडीचा घेऊ, तेवढं कळव." पत्र्याची जाडी सांगतो, पण ती शेवटी लागते. आधी मापं घ्यायची आणि वस्तू जागेवर पक्की धरायची सोय कर. कापणं आणि जोडणं ही त्यानंतरची कामं. टूलरूममध्ये इतकी वर्षं काढून माझं हे मत पक्कं झालंय, आणि या गाडीने ते आणखी पक्कं केलं.

कायद्याच्या कागदाचं एवढंच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. माझी गाडी फक्त बंद मैदानासाठी आहे, ती फ्लॅटबेडवर चढून जाते आणि फ्लॅटबेडवरच परत येते. तुझीही तशीच ठेव. अण्णांच्या रस्त्यावरच्या पद्मिनीला यातलं काहीही करू नकोस, तिचं मूळ इंजिनच नीट बांधून घे.

आणि मामांच्या गाडीचीही बॉडी जपून. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात बांधलेल्या या गाड्या आता वाढणार नाहीत, कमीच होत जाणार. म्हणून मी नियम केला की नवं जे काही बसेल ते जुन्याच भोकांत, नट-बोल्टवर बसेल. उद्या कोणाला मूळ इंजिन परत घालायचं असेल तर पाना घेऊन घालता आलं पाहिजे. माझ्या गाडीत कापावं लागलं ते एकाच जागी. मूळ गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता, जिप्सीचा मधून वर येतो, त्यासाठी टनेलवर (गाडीच्या तळाच्या मधल्या फुगवट्यावर) एक भोक पाडलं. त्याच्या कडेला पट्टी लावून झाकण केलंय.

जिप्सीच का, ते तुला सांगायला हवं, कारण मारुती एस्टीमचं इंजिन स्वस्त मिळतंय असं तू लिहिलंस. तेही त्याच घराण्यातलं आहे, पण ते गाडीत आडवं, रुंदीला धरून बसायचं. पद्मिनीला उभं, म्हणजे लांबीला धरून बसणारं इंजिन हवं, मागच्या चाकांना ताकद देणारं. जिप्सीचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन मुळातच उभं आहे, १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, ८० बीएचपीचं. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळिशीच्या आसपास. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) ॲल्युमिनियमचा असल्याने नाकावर जादा भार नाही. पण मला खरा मोह पडला तो गिअरबॉक्सचा. जिप्सीचा ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, तो मागे वेगळा असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. तो केस आणि तो शाफ्ट बाजूला ठेवला की पाच गिअरचा सरळ गिअरबॉक्स हातात येतो, आणि त्याच्या मागच्या फ्लँजवरून (जोडायच्या गोल चकतीवरून) प्रॉपेलर शाफ्ट थेट डिफरन्शियलला (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याला) नेता येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीचे असल्यामुळे बेल हाउसिंगसाठी (दोघांना जोडणाऱ्या घरासाठी) अडॅप्टर प्लेट करावी लागत नाही. क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत आणायचं सगळ्यात नाजूक काम आयतंच झालेलं मिळतं. त्याची किंमत एवढीच की स्पीडोमीटरची केबल जिप्सीत ट्रान्सफर केसमधून निघते, त्यामुळे काट्यासाठी वेगळी सोय करावी लागते. मी प्रॉपेलर शाफ्टजवळ सेन्सर लावून डिजिटल मीटर घातला.

आता काम. जुनं इंजिन उतरवण्याआधी त्याचं मोजमाप घे. ही एकच संधी आहे. गाडी चार स्टँडवर सपाट उभी कर, ओळंबा घे आणि जमिनीवर खडूने गाडीची मध्यरेषा काढ. क्रँकची पुली त्या रेषेवर आहे की बाजूला सरकलेली आहे ते ओळंब्याने तपास. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचंही तसंच. मग इंजिनाचा मागे असलेला कल आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा (शाफ्ट जोडतो त्या गिअरचा) कल डिजिटल अँगल गेजने लिहून ठेव. नवा गिअरबॉक्स आणि पिनियन एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत, अर्ध्या अंशाच्या आत, आणि प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांच्या क्रॉसच्या प्रत्येक जोडावर एक ते तीन अंशांचा कोन असावा. हे जमलं नाही तर गाडी वेगात थरथरते आणि लोक उगाच बॅलन्सिंगला दोष देत बसतात.

हत्यारांवर किती खर्च करू, असं विचारलंस. वेल्डिंग मशीन भारी घेण्याआधी मापायचं सामान चांगलं घे. व्हर्नियर, हाइट गेज, चुंबकाच्या स्टँडवरचा डायल, चांगला गुण्या. सरफेस प्लेट नवी परवडत नाही, पण जुन्या मशीनचं ग्राइंडिंग केलेलं सपाट टेबल वजनावर मिळतं, तेच मी वापरतो. वेल्डिंगला सिंगल फेजवर चालणारं दोनशे अँपिअरचं मिग मशीन, ०.८ मिलिमीटरची वायर. गॅस नुसता कार्बन डायऑक्साइड असला तरी चालतो, शिंतोडे जास्त उडतात इतकंच, पण पातळ पत्र्यावर आर्गॉन मिसळलेलाच घे. चार इंची ग्राइंडर दोन ठेव, एकावर कटिंग व्हील आणि एकावर फ्लॅप डिस्क, नाहीतर निम्मा दिवस डिस्क बदलण्यात जातो. लेथ घरी नको. नाशिकला सातपूर-अंबडला टर्नर आहेत, इथे शिवाजी उद्यमनगरात मला आहेत. पण त्यांना तोंडी माप सांगू नकोस. कागदावर चित्र, प्रत्येक मापापुढे टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल ते. कागद नीट असला की काम नीट येतं, हा माझा अनुभव आहे.

आता इंजिन माउंट (इंजिन ज्यांवर बसतं ते आधार) कसे केले ते सविस्तर सांगतो, कारण सगळी गाडी त्यांच्यावर उभी आहे. अख्खं इंजिन चेन पुलीला टांगून ब्रॅकेट जुळवायला जाऊ नकोस. भंगारातून एक तडकलेला रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्सची रिकामी केस आण. दोन माणसांना उचलता येतं, हवं तितक्या वेळा आत-बाहेर करता येतं. पण एक गोष्ट आहे. रबराच्या माउंटवर खऱ्या इंजिनाचं वजन आलं की ते दबतं, आणि रिकाम्या ब्लॉकखाली ते दबत नाही. म्हणून मी पूर्ण इंजिन टेबलावर त्याच रबरांवर बसवलं, हाइट गेजने दबलेली उंची मोजली आणि तेवढ्याच उंचीचे लोखंडी डमी लेथवर काढून घेतले. जुळवणीच्या वेळी रबराच्या जागी डमी. मग जी उंची दिसते ती खरी असते. पंखा रेडिएटरला किती दूर, बॉनेट किती वर, स्टिअरिंग कॉलमला किती जागा, सगळं खरं.

ब्लॉक हव्या त्या जागी आला की लाकडी टेकूंवर पक्का कर, कल पुन्हा तपास. त्यानंतर पुठ्ठा. ब्लॉकवरच्या बोल्टच्या जागेपासून क्रॉस मेंबरवरच्या (इंजिनाखालच्या गाडीच्या आडव्या पट्टीवरच्या) जुन्या भोकापर्यंत पुठ्ठ्याचं ब्रॅकेट कापून बघ, पाना फिरतो का, ऑइल फिल्टर निघतो का ते बघ. मग पाच मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची प्लेट (ही घे तुझी पत्र्याची जाडी). ब्लॉककडची प्लेट आणि क्रॉस मेंबरकडची प्लेट जागेवर बोल्टने कसून त्यांच्यामध्ये एक सळई टॅक केली (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरती जोडली) की दोघींची एकमेकींच्या संदर्भातली जागा पकडली गेली. ते जसंच्या तसं बाहेर काढ आणि एका जाड प्लेटवर ठेवून जिग (काम पक्कं धरायचा साचा) कर. दोन्ही प्लेटांच्या भोकांखाली आटे पाडलेले ठोकळे बसवायचे, त्यांना बोल्टने ब्रॅकेट आवळायचं आणि मगच वेल्डिंग. वेल्डिंग ओढतं, हे तू पहिल्याच दिवशी बघशील. म्हणून एका बाजूला इंचभर, मग समोरच्या बाजूला इंचभर, असं करत जायचं आणि ब्रॅकेट जिगवरच थंड होऊ द्यायचं. घाईने बोल्ट सैल केलास की ते तिथेच वाकडं होतं. गार झाल्यावर सोडव आणि गाडीत लाव. बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेले तर काम झालं. पहारीने ढकलून बसवावं लागणारं ब्रॅकेट मी गाडीत ठेवत नाही, कारण तो ताण ब्लॉकच्या ॲल्युमिनियमच्या कानांवर येतो आणि ते कान एक दिवस तुटतात.

गिअरबॉक्सखालचा आडवा सपोर्ट चाळीस बाय चाळीसच्या, तीन मिलिमीटर जाडीच्या बॉक्स पाइपचा केला. बोल्ट जिथून आरपार जातो तिथे आत बुश वेल्ड कर, नाहीतर आवळताना पाइप चेपतो आणि बोल्ट सैल पडत राहतो. बोल्ट सगळे ८.८ मार्कचे, म्हणजे जादा ताकदीचे.

जिप्सीच्या इंजिनाचा संप (खालचं ऑइलचं भांडं) माझ्या गाडीत क्रॉस मेंबरला टेकत होता, तो कापून पुढचा भाग उथळ केला आणि तेवढीच जागा मागे वाढवली. ऑइल कमी पडता कामा नये, आणि ऑइल ओढणाऱ्या पिकअपची जाळी तळापासून थोडी वर राहिली पाहिजे. संप आधी कॉस्टिकच्या गरम पाण्याने धू आणि पूर्ण वाळव. ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने धुऊन वेल्डिंग अजिबात करू नकोस. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट असतं आणि आर्कजवळ त्याचा जीवघेणा विषारी वायू होतो. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. वेल्डिंग झालं की बाहेरून सांध्यावर खडूची भुकटी पाण्यात कालवून फास, वाळू दे, आत रॉकेल ओत आणि रात्रभर ठेव. जिथे डोळ्याला न दिसणारं भोक असेल तिथे सकाळी पांढऱ्यावर ओला डाग दिसतो. पाणी जिथून गळत नाही तिथूनही रॉकेल वाट काढतं.

प्रॉपेलर शाफ्ट नवा करावा लागतो. ट्रकचे शाफ्ट करणारे हायवेवर सापडतील, त्यांच्याकडे बॅलन्सिंगचं मशीन असतंच. माप तू दे. गाडी चाकांवर उभी असताना फ्लँज ते फ्लँज अंतर घे, आणि स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) आत जायला वीस-पंचवीस मिलिमीटर मोकळे ठेव, कारण मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर वर-खाली होताना अंतर बदलतं. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे कान) एकाच प्रतलात हवेत, वेल्डिंगआधी टेबलावर ठेवून बघ. डिफरन्शियलकडची अडॅप्टर फ्लँज मी ईएन आठ पोलादाच्या बारा मिलिमीटर प्लेटची करून घेतली. टर्नरला बजावून सांग की फ्लँज मध्यावर येते ती मधल्या उंचवट्यामुळे, बोल्टमुळे नाही. त्या उंचवट्याची बसणी दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या ढिलाईची हवी आणि दोन्ही तोंडं समांतर. बसवल्यावर डायल लावून फिरवून बघ. माझा काटा पाच शतांशाच्या आत हलला तेव्हा मी आणि टर्नर दोघेही तो काटा बघतच राहिलो. असं काम हातून झालं की रात्री झोप छान लागते.

बाकीचं थोडक्यात. गाडीला वेल्डिंगची अर्थची वायर लावण्याआधी बॅटरी काढ आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गाडीतून बाहेर ठेव. जिप्सी घेताना तिचं वायरिंग न कापता अख्खं काढून घे, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लाव. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक, कार्बोरेटरपुरता. एमपीएफआयला अडीच-तीन बारचा इलेक्ट्रिक पंप लागतो आणि टाकीकडे परतीची लाइनही लागते. वळणावर पेट्रोल बाजूला सरकून पंप कोरडा पडू नये म्हणून मध्ये एक छोटी टाकी मी पत्र्याची केली. आणि ब्रेक! पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. दुप्पट ताकद घालणार असशील तर पुढे डिस्क बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, एवढं मला वचन दे. डिस्कचे कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) धरणारे ब्रॅकेट मात्र गॅस कटरने कापून घरी वेल्ड करायचे नाहीत. ते जाड प्लेटमधून मशीनिंग करून घे, ड्रॉइंग मी पाठवतो.

माझे माउंटचे जिग आणि रबरांचे डमी तुला देतो. गाडी तीच, इंजिन तेच, तर तू पुन्हा शून्यापासून कशाला सुरुवात करतोस? फक्त तुझ्या क्रॉस मेंबरची भोकं माझ्याशी जुळतात का ते बघायला हवं. दोन्ही बाजूंच्या भोकांची मधल्या रेषेपासूनची अंतरं आणि एकमेकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून या आठवड्यात कळव, सोबत पट्टी लावून काढलेले फोटो पाठव. गंज किती आहे तेही टोच्याने टोचून बघ, विशेषतः पुढच्या सस्पेन्शनजवळ. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच येतो, तेव्हा तिथला पत्रा मऊ लागला तर आधी तो बदलायचा.

मापं जुळली तर दिवाळीच्या सुट्टीत मी जिग घेऊन नाशिकला येतो. तोवर रिकामा ब्लॉक शोधून ठेव. अण्णांना आणि काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की गॅरेजमधला फ्रीज तेवढा हलवावा लागेल.

तुझाच,
संज्या