पदं ठरवण्याआधी काम मोजा

मा. संपादक,

नर्सची भरती, अमुक पदं मंजूर अशा बातम्या पेपरात येतात तेव्हा बरं वाटतं, पण ती पदं कसल्या हिशोबाने ठरली ते कुणी सांगत नाही.

मी नर्स होते, बरीच वर्षं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सब सेंटरवर, म्हणजे गावातल्या छोट्या सरकारी आरोग्य उपकेंद्रावर काढली. नियम असा की सपाट भागात 5,000 लोकसंख्येला एक सब सेंटर आणि डोंगराळ भागात 3,000 ला. पण हे तीन हजार लोक काय एका वाड्यावर राहत नाहीत, मधे रान, पावसात व्हाळ भरला की एका बाळंतिणीला बघून यायला अर्धा दिवस जायचा, मग लसीकरण, प्रेशर-शुगरच्या गोळ्या, आणि रिपोर्ट तर दर वर्षी वाढतच गेले. एकदा वरच्या साहेबांना म्हटलं अजून एक माणूस द्या, ते म्हणाले लोकसंख्येप्रमाणे तुमच्याकडे स्टाफ पुरेसा आहे. मी गप्प बसले, कारण माझ्याकडे नुसती तक्रार होती, आकडा नव्हता.

तो आकडा काढायची रीत आहे हो. जागतिक आरोग्य संघटनेची विस्न नावाची पद्धत आहे, त्यात रजा, सुट्ट्या, ट्रेनिंग वजा करून एका नर्सच्या हातात वर्षाला किती तास उरतात ते बघतात आणि प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते मोजतात. धरा, वाटेसकट एका घरभेटीला दोन तास आणि वर्षाला 500 भेटी, म्हणजे 1,000 तास तिथेच गेले, आणि एका माणसाकडे असतात जेमतेम 1,700. मग ओपीडी कधी, रजिस्टर कधी?

त्यात लोकसंख्या म्हणजे 2011 चीच, 2021 ची जनगणना झालीच नाही. 2011 लाच आपल्या गोव्यात शंभरात 11 माणसं साठीच्या वर होती, आज घरोघरी म्हातारी माणसं आणि पोरं परदेशात. डिसेंबरात कळंगुट-कांदोळीच्या किनाऱ्यावर येणारी पर्यटकांची गर्दी तर या हिशोबात नाहीच. आणि गोचीड चावून होणारा माकडताप! 2015 ला सत्तरीत पाली गावात आला, नेमका काजूच्या सीझनला लोक बागायतीत जातात तेव्हा त्याचा जोर, मग तापाचा सर्व्हे करा, रक्ताचे नमुने घ्या, गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं तेल वाटा, हे सगळं त्याच स्टाफने करायचं.

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य) विभाग आहे, बांबोळीला नर्सिंगचं कॉलेज आहे, मुलांना थीसिसला विषय पाहिजेच असतात. गोव्यात तालुके 12 च, एका तालुक्यात वर्षभर, पावसाळा आणि काजूचा सीझन दोन्ही धरून मोजून बघा, सत्तरीपासून सुरुवात करा. पण ऑफिसात बसून फॉर्म भरू नका, नर्ससोबत चालत जा, आणि जे निघेल ते पेपरात छापा, मग पदं ठरवा.

माझ्या जुन्या डायऱ्या मी ठेवल्यात, कुठल्या वाड्यावर जायला किती वेळ लागायचा ते सगळं लिहिलेलं आहे. कुणी हे काम हातात घेत असेल तर खुशाल घेऊन जावं.

– एक निवृत्त नर्स, वाळपई