पावसाळी गटारातलं केशरी पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलावाच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की आमच्या भागात सगळ्यांना उत्साह येतो. चालायला ट्रॅक हवा, दिवे हवेत, बसायला बाकडी हवीत. मलाही हवीत. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आम्हा फ्लॅटवाल्यांची आहे, म्हणून फ्लॅटवाल्यानेच सांगितलेली बरी.

सोलापुरात विजापूर रोडला धर्मवीर संभाजी तलावाच्या अंगाला आमची इमारत आहे. पाच मजले, चाळीस फ्लॅट. जुनी माणसं तलावाला अजून कंबर तलावच म्हणतात. माझा जन्म पूर्व भागातला. छत्तीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवायचं काम केलं. दोन खोल्या, वर पत्रा, शेजारी माग खडखडतोय, अशा घरात आयुष्य गेलं. नऊ वर्षांपूर्वी मुलाने इथे तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात संध्याकाळी गॅलरीत बसलो आणि पाण्यावरून वारा आला, तेव्हा माझ्या बायकोला रडू आलं होतं. सोलापूरचा उन्हाळा पत्र्याखाली ज्याने काढलाय त्यालाच ते कळेल.

हिवाळ्यात पहाटे गॅलरीतून बघावं. काळे वारकरी पक्षी, पांढऱ्या कपाळाचे, घोळक्याने पाण्यावर फिरतात. कमळपक्षी लांब बोटांनी पानांवर चालतो. मासे धरणारा एकजण ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत मध्यापर्यंत जातो. घर घेताना गॅलरी तलावाकडे आहे म्हणून बिल्डरने जास्तीचे पैसे लावले होते, ते मला कधी जड वाटले नाहीत.

पण दिवस मावळला की तीच गॅलरी बंद करावी लागते. डासांसाठी सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, तरी दार पाच मिनिटं उघडं राहिलं तर नातवाच्या पायावर गांधी उठतात. मार्चनंतर पाणी मागे सरकतं आणि काठाचा काळा गाळ उघडा पडतो. मग जो वास येतो तो जेवणाच्या ताटापर्यंत येतो. पाहुणे विचारतात, कसला वास हो? आम्ही म्हणायचो, तलावाचा. नऊ वर्षं असंच म्हणत आलो.

प्यायच्या पाण्याचं तर सगळ्या शहराला माहीत आहे. समोर तलाव असला तरी आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. ते येतं उजनी धरणातून, शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून, नाहीतर भीमेत सोडलेलं औज बंधाऱ्यात साठवून टाकळीहून उपसलेलं, आणि काही हिपरग्याच्या तलावातून. चावी कधी सुटणार यावर आमचे दिवस ठरतात. नाही सुटली तर टँकर. म्हणजे एवढ्या लांबून आलेलं, इतकं मोलाचं पाणी आमच्या इमारतीत चढतं. ते वापरून झाल्यावर जातं कुठे, हे चाळीस घरांत एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि माझा जन्म रंगाच्या पाण्यात गेला आहे.

या मे महिन्यात तलावावरच्या जलपर्णीकडे बघत बांधावर उभा होतो. ती काढतात, पुन्हा वाढते. पुन्हा काढतात, पुन्हा वाढते. काठाला आलेलं एक झाड मी उपसून हातात घेतलं. देठ फुगीर, दाबला तर स्पंजासारखा. खाली मुळांचा झुपका, अगदी न पिळलेल्या सुताच्या लडीसारखा. रंगाच्या टाकीत लड बुडवली की ती पाण्यातला रंग ओढून घेते आणि पाणी फिकं होत जातं. जलपर्णीची मुळंही तेच करतात. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद ओढून घेतात आणि त्यावर पोसतात. खाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात. ती काढायलाच हवी. पण तिचं खाणं येतच राहिलं तर दुसरं काय होणार?

तिथेच लक्ष गेलं. काठाला एक पावसाळी गटार येऊन मिळतं. पावसाचं पाणी वाहून न्यायला बांधलेलं. मे महिना, त्रेचाळीस अंश तापमान, पावसाचा थेंब नाही, आणि गटार वाहत होतं. त्यात साबणाचा फेस होता. ते पाणी पावसाचं नव्हतं, एवढं कळायला शिक्षण लागत नाही. गटाराच्या कडेने उलटा चालत गेलो. दोनतीन इमारतींच्या मागून ते आमच्याच कंपाऊंडपाशी आलं.

तरी मनाला पटेना. म्हटलं खात्री करावी. बाजारातून जिलेबीत घालतात तो केशरी रंग आणला, खायचा, म्हणजे तलावातल्या जिवांना बाधायला नको. सकाळी साडेसातला, सगळ्यांच्या आंघोळी चालू असताना, वॉचमनला बरोबर घेऊन सेप्टिक टँकच्या पुढच्या चेंबरचं झाकण उचललं. रंग बादलीत कालवून ओतला. नातवाला आधीच शेजारच्या मुलाबरोबर गटाराच्या तोंडाशी बांधावर उभं केलं होतं, हातात आईचा मोबाइल. मी पाय ओढत तिकडे पोहोचतोय तोवर तो लांबूनच ओरडला, "ताता, आलं! केशरी आलं!" अकरा मिनिटं लागली होती. राखाडी पाण्यात आधी एक पट्टा आला, मग सगळं गटार रंगलं, आणि जलपर्णीच्या खाली शिरून दिसेनासं झालं. नातू खुशीत होता. मी बांधावर बसून राहिलो.

आमच्या पंपाची वही आहे. रोज साधारण पंधरा हजार लिटर पाणी गच्चीवर चढतं. वापरलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं हिशेबात धरतात. म्हणजे बारा हजार लिटर. दहा हजारांचा टँकर आपण बघतो, त्याहून जास्त घाण पाणी आमची एकटी इमारत रोज तलावात ओतते आहे. नऊ वर्षं. ज्या वासाला आम्ही तलावाचा वास म्हणत होतो, तो आमचाच होता.

असं का झालं, तेही शोधलं. मंजूर नकाशात सेप्टिक टँकच्या पुढे शोषखड्डा दाखवलेला आहे. पण तलावाच्या इतक्या जवळ पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा भरून राहतो, काही शोषत नाही. पहिल्याच पावसाळ्यात तो तुंबला असणार, आणि कुणीतरी रात्रीतून एक पाइप टाकून तो पावसाळी गटाराला जोडून दिला. बिल्डरने की आमच्याच पहिल्या कमिटीने, आता कुणी सांगत नाही. मला त्याच्या मागे लागायचं नाही. घर घेताना पार्किंग, लिफ्ट, पूर्वेचं दार सगळं विचारलं. संडासाचं पाणी कुठे जातं, हे आमच्यातल्या एकाने विचारलं नाही.

इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. ज्या रंगखान्यात मी होतो तिथलं पाणी मागच्या नाल्यात जायचं. आज कुठल्या रंगाची ऑर्डर चालू आहे हे नाल्याकडे बघून शेजारचे सांगायचे. मी स्वतः टाकीचं बूच काढलेलं आहे, शेकडो वेळा. तेव्हा पोट होतं, मालक सांगेल ते करायचो, आणि नाला पुढे कुठे जातो हा विचार डोक्यात आला नाही. खालच्या अंगाला ज्यांची घरं होती त्यांना काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी बांधावर बसून कळलं.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग बोलावली आणि मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग नेहमीचं सुरू झालं. आपण एकट्यांनी करून काय होणार, बाकीच्या इमारती आहेतच की. फ्लॅटची किंमत पडेल, बाहेर बोलू नका. एक ताई म्हणाल्या, आधी त्यांना तरी विचारा ज्यांनी परवानगी दिली. सगळं ऐकून घेतलं. शेवटी प्लंबरकडून अंदाज काढला. रस्त्यातल्या ड्रेनेज लाइनला रीतसर जोडणी, पाइप, दोन नवे चेंबर आणि खोदाई धरून दोन लाख चाळीस हजार. फ्लॅटला सहा हजार. इमारतीला तलावाच्या बाजूने रंग द्यायला गेल्या दिवाळीत आम्ही याच्या दुप्पट काढले होते. आजपर्यंत एकतीस घरांनी पैसे भरले आहेत. नऊ बाकी आहेत. त्यातली चार घरं भाड्याने दिलेली, मालक पुण्याला, फोन उचलत नाहीत. रस्ता खोदायच्या परवानगीसाठी अर्ज दिला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तलावाच्या कामाला पैसा येईल तेव्हा ट्रॅकच्या आधी काठावरच्या प्रत्येक इमारतीचा शेवटचा चेंबर उघडून बघावा. दंड नंतर, आधी नुसतं बघावं आणि लिहून ठेवावं. उन्हाळ्यात जे पावसाळी गटार वाहतं त्याच्यावर लाल पट्टा मारावा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यालाही समजेल. ज्यांच्या जवळून ड्रेनेज लाइनच जात नाही, त्यांना ती आधी द्यावी, त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही.

आणि जे आता या बाजूला नवीन घर बघतायत त्यांना हात जोडून विनंती. गॅलरीतून तलाव बघून झाला की खाली उतरा आणि ड्रेनेजची जोडणी कुठे आहे ते दाखवायला सांगा. कागद बघा, चेंबरही बघा. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सोयींमध्ये दोष निघाला तर बिल्डरने तो पदरच्या पैशाने दुरुस्त करून द्यायचा असतो. आमच्याकडे अकरा मिनिटांची ही परीक्षा पहिल्याच वर्षी कुणी केली असती तर आज पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरावं लागलं नसतं.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या कोरड्या गावात भक्तांना घेऊन सिद्धेश्वर तळं खोदलं. गड्ड्याच्या यात्रेत आपण दरवर्षी नंदीध्वजांच्या मागून त्या तळ्यापर्यंत चालतो, मीही चालतो. त्या वेळच्या माणसांनी घमेल्याने माती वाहून पाणी साठवलं. आमच्या वाट्याला एक पाइप बदलायचं काम आलं आहे.

पाऊस तोंडावर आहे. एकदा तो सुरू झाला की सगळीच गटारं वाहतील आणि कुणाचं पाणी कुठलं ते ओळखू येणार नाही. म्हणून जे काही बघायचं ते येत्या पंधरा दिवसांत. माझ्याकडे रंगाच्या तीन पुड्या शिल्लक आहेत. रोज सकाळी सात ते आठ मी बांधावर असतो. काठावरच्या कुठल्याही सोसायटीने बोलावलं तर मी येईन, झाकण उचलायला फक्त एक माणूस द्या.

आपला,
एक निवृत्त रंगारी
विजापूर रोड, सोलापूर