घरची भाषा मराठी, मग फॉर्मवर इंग्लिश कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या बदलीवर पुणे, नाशिक, नागपूरकडून अमेरिकेला निघालेल्या कुटुंबांना व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास मिळतो: 'शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा इंग्लिश लिहा, नाहीतर पोराला ईएसएलमध्ये टाकतात.' ईएसएल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांसाठीची इंग्रजीची वेगळी शिकवणी. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्ला मात्र वाईट आहे. त्यापायी काय हातचं जातं हे विमानात बसण्याआधी कळलेलं बरं, म्हणून हे पत्र. उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सीची घेतली आहेत, कारण मराठी वस्ती तिथे बरीच आहे. इतर राज्यांत परीक्षांची नावं आणि काही नियम बदलतात, केंद्रीय कायद्याची चौकट तीच राहते.

प्रवेशाच्या कागदांत 'होम लँग्वेज सर्व्हे' नावाचं पान असतं. प्रश्न साधारण तीन: मूल आधी कोणती भाषा शिकलं, आता जास्त कोणती बोलतं, घरात कोणती बोलली जाते. उत्तरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली की शाळेने पुढची चौकशी करायची असते. म्हणजे 'मराठी' लिहिल्याने मूल ईएसएलच्या वर्गात जाऊन बसत नाही, ते तपासणीच्या दारापर्यंत जातं. न्यू जर्सीत त्यानंतर आधीच्या शाळेचे कागद बघतात आणि गरज वाटली तरच चाचणी होते. इंग्रजी उत्तम असलेली मुलं तिथूनच नेहमीच्या वर्गात परततात. या पानाचा व्हिसाशी काडीचा संबंध नाही. सरकारी शाळेने व्हिसा पाहून प्रवेश नाकारायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच प्लायलर खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मुदती पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत. २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याप्रमाणे प्रवेशापासून ३० दिवसांत तपासणी व्हायला हवी. मूल ईएसएल कार्यक्रमात घेतलं तर पालकांना लेखी कळवायचं: शाळा सुरू होताना आलेल्यांना ३० दिवसांत, वर्षाच्या मध्यात आलेल्यांना दोन आठवड्यांत. त्या पत्रात मुलाची पातळी, ती कशी मोजली, शिकवण्याची पद्धत कोणती, बाहेर पडण्याची अट काय आणि नकार देण्याचा तुमचा हक्क, एवढं असलं पाहिजे. पत्र आलं नाही, तर शाळेच्या ऑफिसला फोन न करता ईमेल करा. फोनची नोंद राहत नाही.

आता चाचणी. न्यू जर्सीसह बरीच राज्यं विस्कॉन्सिन विद्यापीठातून चालणाऱ्या 'विडा' या संस्थेच्या परीक्षा वापरतात. प्रवेशाच्या वेळी 'स्क्रीनर' आणि त्यानंतर कार्यक्रमात असेपर्यंत दर हिवाळ्यात 'ॲक्सेस'. कॅलिफोर्नियात एल्पॅक, टेक्ससमध्ये टेल्पास, न्यूयॉर्कमध्ये निसेस्लॅट, काम तेच. विडाच्या परीक्षेत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग आणि १ ते ६ पातळ्या. चारही भागांचं वजन मात्र सारखं नाही: वाचन ३५ टक्के, लेखन ३५, ऐकणं १५, बोलणं १५. पोर फाडफाड बोलतं, मग ईएसएलमध्ये का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे. बालवाडीत नुकत्याच आलेल्या मुलांची तपासणी मात्र ऐकण्या-बोलण्यावरच होते.

उलट प्रकारही घडतो. पुण्याच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला व्याकरण येतं, वाचन चांगलं असतं आणि ते बोलण्यात अडकतं. कारण उच्चार नव्हे. परीक्षेत हेडफोन लावून संगणकाशी बोलायचं असतं, समोर माणूस नसतो. पडद्यावरचा नमुना विद्यार्थी आधी लांब उत्तर देतो, तसंच उत्तर अपेक्षित असतं. आपल्याकडे विचारलं तेवढंच सांगायची सवय लागलेली असते. मूल 'येस' किंवा एक शब्द बोलून गप्प बसतं आणि गुण तिथेच जातात. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते, हेही आधी माहीत नसतं. विडाच्या संकेतस्थळावर सरावाचे नमुने फुकट आहेत. आधी एकदा घरी करून घेतले आणि कारणासकट तीन-चार वाक्यांत उत्तर द्यायला सांगितलं तर मुलाची खरी पातळी दिसते. हा क्लास लावण्याचा विषय नाही, तशा जाहिराती दिसल्या तर पुढे चला.

ईएसएल म्हणजे 'ढ' मुलांचा वर्ग, ही समजूत आपल्याकडून तिकडे सामानाबरोबर गेली आहे. प्रत्यक्षात शिक्षक मुलांना थोडा वेळ वेगळ्या खोलीत नेतात किंवा नेहमीच्याच वर्गात येऊन सहशिक्षण करतात. न्यू जर्सीत इंग्रजी शिकणारी दहा मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टला (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) ईएसएल कार्यक्रम चालवावा लागतो आणि एकाच भाषेची वीस मुलं झाली की द्विभाषिक कार्यक्रमाचा, म्हणजे इंग्रजीबरोबर घरच्या भाषेतूनही शिकवण्याचा, नियम लागू होतो. वयं आणि शाळा विखुरलेल्या असल्या तर डिस्ट्रिक्ट त्यातून सवलत मागू शकतं, म्हणून मराठीचा द्विभाषिक वर्ग तुमच्या वाट्याला येईल अशा भरवशावर राहू नका. दहापेक्षा कमी मुलं असली तरी काही ना काही मदत द्यावीच लागते.

पालकांनी भांडायचं असेल तर वर्गाच्या दर्जावरून भांडावं. आठवड्याला नेमकी किती मिनिटं, शिकवणाऱ्याकडे ईएसएलचं प्रमाणपत्र आहे की नुसती मदतनीस बाई शेजारी बसवली आहे आणि मूल कोणत्या तासातून उचललं जातं, हे विचारा. गणिताच्या तासातून रोज वीस मिनिटं गेली तर वर्षअखेरीला इंग्रजी सुधारलेलं आणि अपूर्णांक राहिलेले, असा सौदा होतो. वेळापत्रक बदलून मागता येतं. १९८१ च्या कास्टान्येडा खटल्यातली कसोटी यासाठीच उपयोगी पडते: पद्धतीला शास्त्रीय आधार हवा, ती राबवायला पुरेशी माणसं आणि साधनं हवीत, आणि काही काळाने फळ दिसलं पाहिजे, नाहीतर पद्धत बदलली पाहिजे. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या लाउ खटल्यात न्यायालयाने ठरवलं होतं की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले, एवढ्याने समान वागणूक झाली असं होत नाही.

ईएसएलला नकार देता येतो. पण नकार दिला तरी कागदोपत्री मूल 'इंग्रजी शिकणारं'च राहतं आणि दरवर्षीची परीक्षा सुटत नाही. सुटते ती फक्त मदत. म्हणून नकारावर सही करण्याआधी एक वर्ष बघा. न्यू जर्सीत आजवर 'ॲक्सेस'मध्ये एकत्रित ४.५ गुण आणि शिक्षकांचं अनुकूल मत मिळालं की मूल बाहेर पडतं. चालू वर्षाची अट शाळेकडून विचारून घ्यावी. त्यानंतरही किमान दोन वर्षं शाळा लक्ष ठेवते. संशोधक जिम कमिन्स यांनी फार पूर्वी दाखवलं आहे की खेळण्या-बोलण्याचं इंग्रजी एक-दोन वर्षांत येतं, धड्यातलं इंग्रजी पक्कं व्हायला पाच ते सात लागतात. आणि ईएसएलमुळे पुढच्या गणिताचे किंवा 'गिफ्टेड'चे (हुशार मुलांसाठीचे) वर्ग बंद होतात ही अफवा आहे. केवळ इंग्रजी कच्चं म्हणून तिथून बाहेर ठेवणं नियमात बसत नाही. कोणी तसं म्हणालं तर लेखी मागा, बऱ्याचदा तिथेच विषय मिटतो.

सर्वांत हाल होतात ते आठवी-नववीनंतर जाणाऱ्या मुलांचे, त्यातही सेमी इंग्रजीच्या. गणित-विज्ञानाच्या संज्ञा त्यांना इंग्रजीत येतात, सूत्रं पाठ असतात, पण इतिहासाचा उतारा वाचून स्वतःचं मत लिहायचं म्हटलं की पेन थांबतं. वर इंच, पाउंड, फॅरनहाइट, महिना आधी लिहायची तारीख. हायस्कूल तिथे क्रेडिटवर, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या जमा गुणांकांवर, चालतं, म्हणून मागच्या इयत्तांची गुणपत्रकं, बोनाफाइड आणि प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम इंग्रजीत घेऊन जा. अभ्यासक्रम दाखवला तर झालेल्या बीजगणिताचं क्रेडिट मिळण्याची शक्यता वाढते. न दाखवल्यास मूल तेच गणित पुन्हा करत बसतं, कारण विषय ठरवून देणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरला बालभारती म्हणजे काय हे कळायला मार्ग नसतो.

मुलाइतकाच पालकांचाही हक्क आहे आणि तो आपली माणसं सहसा वापरत नाहीत. इंग्रजी नीट समजत नसेल तर शाळेने महत्त्वाची माहिती समजेल अशा भाषेत, फुकट द्यायची असते. वडील ऑफिसात आणि शाळेच्या मीटिंगला आई किंवा आजी, अशा घरांत याची खरी गरज पडते. फॉर्मवर पालकांची भाषा विचारणारा वेगळा प्रश्न असतो, तिथेही मराठी लिहा. 'इंडियन' म्हटलं की हिंदी दुभाषी लावून देण्याची शाळांची सवय आहे. हिंदी चालत असेल तर ठीक, नसेल तर मराठी मागा, फोनवरचा दुभाषी मिळू शकतो. मीटिंगच्या आठवडाभर आधी ईमेल करा. मुलालाच दुभाषी करू नका, शाळा सुचवत असेल तरी. स्वतःच्या तक्रारी स्वतःच भाषांतरित करणारं मूल काय गाळेल हे सांगायला नको.

याचं महत्त्व सर्वांत जास्त कळतं ते मूल मागे पडतंय म्हणून विशेष शिक्षणाची चौकशी निघते तेव्हा. अडचण भाषेची की शिकण्याची, हे इंग्रजीतल्या एका चाचणीवरून ठरवायचं नसतं. शक्य तिथे मुलाच्या भाषेत तपासणी करावी असं केंद्रीय कायदा सांगतो. अडचण मराठीतही दिसते का, हे घरच्यांनाच माहीत असतं. मूल मराठीत गोष्ट क्रमाने सांगतं का, उशिरा बोलायला लागलं का, हे लिहून न्या. शिकण्याची अडचण खरोखर असेल तर 'इंग्रजी येईल तेव्हा बघू' म्हणत वर्ष-दोन वर्षं घालवणंही तितकंच चूक आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या १ मार्च २०२५ च्या आदेशाने इंग्रजी अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली, तेव्हापासून हे सगळं बंद झालं का अशी विचारणा होते. त्या आदेशाने भाषा-साहाय्याचा २००० सालचा जुना आदेश मागे घेतला आणि शिक्षण खात्याने शाळांसाठीचं २०१५ चं मार्गदर्शक पत्रही काढून टाकलं. केंद्राचा धाक कमी झाला, हे खरं. पण १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९७४ चा समान शैक्षणिक संधी कायदा जागेवर आहेत, राज्यांचे नियमही आहेत. बदललं ते इतकंच की आता मागितल्याशिवाय मिळण्याची आशा थोडी कमी ठेवावी.

घरात मराठी बंद करून मोडकं इंग्रजी बोलण्याची गरज नाही. जी शाळा तसं सुचवते तिचं ऐकू नये. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा तिथल्या अनेक गावांत आहेत, आणि बारावीपर्यंत दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्यांना राज्याकडून 'सील ऑफ बायलिटरसी' हे मानचिन्ह मिळतं. त्यासाठी चालणाऱ्या भाषा-परीक्षांत मराठीही आहे.

ज्यांनी आधीच 'इंग्लिश' लिहून ठेवलं आहे त्यांनी शाळेच्या रजिस्ट्रारला दोन ओळींचा ईमेल पाठवावा: घरची भाषा मराठी आहे, नोंद दुरुस्त करावी आणि मुलाची तपासणी करावी. पालकांना वर्षाच्या मध्यातही अशी मागणी करता येते. फक्त हिवाळ्यातली 'ॲक्सेस' टळू नये म्हणून ती नाताळच्या सुट्टीआधी केलेली बरी.

आपली,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)