डार्विनसाहेब, जॉन स्कॉटच्या पाठीशी उभे राहिल्याबद्दल

आदरणीय चार्ल्स डार्विन यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या मोठ्या ग्रंथांबद्दल आभार मानणारे पुष्कळ आहेत. आम्ही चिमटा, भिंग आणि कुंचला घेऊन फुलांचं हाताने परागीभवन करणारी माणसं. आम्हाला तुमचे आभार मानायचे आहेत ते एका माळ्याला लिहिलेल्या पत्रांबद्दल.

1862 च्या मे महिन्यात तुमचं ऑर्किडवरचं पुस्तक निघालं. त्यात ॲक्रोपेरा या ऑर्किडची फुलं केवळ नर असावीत, असा निष्कर्ष तुम्ही काढला होता. तो हवेतला नव्हता. कुक्षीच्या (फुलातल्या पराग घेणाऱ्या भागाच्या) पोकळीचं तोंड म्हणजे एक बारीक चीर, तीत परागपिंड, म्हणजे परागांचा घट्ट गोळा, शिरेना. आणि अंडाशय कापून पाहिला तर बीजांडं अर्धवट, खुरटलेली दिसली. नोव्हेंबरात एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधून जॉन स्कॉटचं पत्र आलं. रोपं वाढवण्याच्या विभागाचा तो मुकादम. ओळख ना पाळख. त्याने कळवलं, की ॲक्रोपेराला शेंग धरली आहे.

तुम्ही लगेच उत्तर लिहिलंत. आधी आभार मानलेत, मग मोकळेपणी सांगितलंत की ॲक्रोपेराबाबत माझी चूक झाली असेल तर कॅटासेटम या दुसऱ्या ऑर्किडबाबतही झाली असेल, अशी धास्ती वाटते. (कॅटासेटमचं तुमचं म्हणणं बरोबरच होतं, तिथे नर आणि मादी फुलं खरोखर वेगळी असतात.) पुस्तक बाजारात येऊन जेमतेम सहा महिने झालेले, आणि चूक दाखवणारा कुणी प्राध्यापक नव्हे. तरी उत्तरात कुठेही वरचढपणा नाही.

घोटाळा कुठे झाला होता, हे आज ऑर्किडवाल्यांना पाठ असतं. बऱ्याच ऑर्किडांत फूल उमलतं तेव्हा बीजांडं तयारच नसतात. कुक्षीवर पराग पडल्यानंतरच ती वाढायला लागतात. त्यामुळे परागीभवन न झालेल्या फुलाचा अंडाशय कापला की तो वांझ वाटतो. चिरेचं गणितही असंच फसवं. ताजा परागपिंड फुगीर असतो, तो शिरत नाही. जरा सुकू दिला की आक्रसतो आणि मग त्याचं टोक आत जातं. टोक आतल्या ओलाव्याने फुगतं आणि पिंड हळूहळू आत ओढला जातो. घाईने ताजा पिंड दाबून बसवायला गेलं की तो चुरगळतो, कुक्षीची कड दुखावते आणि फूल गळून जातं.

स्कॉट एवढ्यावर थांबला नाही. ॲक्रोपेराच्या एका शेंगेत 3,71,250 बिया असाव्यात, असा त्याचा अंदाज होता. इतकी बारीक बी एकेक मोजणं शक्य नसतं; त्यातली चिमूटभर तोलायची, भिंगाखाली मोजायची आणि एकूण वजनाच्या पटीने हिशेब करायचा. त्या आकड्यावरून तुम्ही ताडलंत, की एका झाडाला कधी कधी 7 कोटी 40 लाख बिया धरत असतील.

पुढे प्रिम्युला या फुलझाडांवरचं काम सुरू झालं. तिथे तुमच्या मदतीची खरी जात दिसते. या झाडांत दोन प्रकारची फुलं येतात. एका प्रकारात कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, लांब असतो आणि परागकोश नळीच्या मध्यावर असतात. दुसऱ्यात वृंत आखूड, परागकोश तोंडाशी. लांब वृंताच्या फुलाचे पराग आखूड वृंताच्या फुलाला किंवा आखूडचे लांबला दिले की बी भरपूर धरतं. सारख्याला सारखं दिलं की कमी. कळी उमलण्याआधी पाकळ्यांची नळी हलकेच ओढून काढली की तिला चिकटलेले परागकोशही निघून येतात. मग फुलावर जाळी, कुंचल्याने पराग, देठाला रंगीत दोरा, आणि शेवटी बोंडं किती, दर बोंडात बिया किती, याची नोंद. बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. आखूड वृंताच्या फुलात परागकोश तसेच ठेवून वरून कुंचला घातला, तर त्याच फुलाचे पराग खाली ढकलले जातात. कुंचला स्पिरिटमध्ये धुतला नाही तर मागच्या फुलाचे पराग पुढे जातात. फुलकिडे तर जाळीतूनही शिरतात.

तुम्ही पत्रांतून प्रश्न विचारत राहिलात, शंका काढत राहिलात. 1863 मध्ये एक सल्लाही दिलात: सिद्धांत निरीक्षणाला वाट दाखवू दे, पण नाव होईपर्यंत तो छापायला फार काढू नकोस, नाहीतर लोक तुझ्या निरीक्षणांवरच शंका घेतील. आम्हाला हा सल्ला पैशाहून मोलाचा वाटतो, कारण स्कॉटसारख्या माणसाला नेमका तोच धोका होता. पदवी नाही, पाठीशी कुणी नाही. त्याच्याजवळ होते ते मोजलेले आकडे. त्याचा प्रिम्युलावरचा निबंध 4 फेब्रुवारी 1864 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेपुढे आला तो तुमच्यामार्फत.

एडिंबरात वरिष्ठांशी त्याचं पटेना आणि त्याने नोकरी सोडली. तुम्ही तुमचे वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकरसाहेब यांच्याकडे शब्द टाकलात, त्याच्यासारखा निरीक्षक पाहिला नाही असं लिहिलंत, आणि हिंदुस्थानच्या प्रवासाचा खर्च स्वतः दिलात. तो आधी सिंकोनाच्या (क्विनीन देणाऱ्या झाडांच्या) मळ्यावर लागला, 1865 मध्ये कलकत्त्याच्या बोटॅनिक गार्डनचा क्युरेटर झाला. पैसे दिले आणि सुटलो, असं तुम्ही केलं नाहीत, याचं आम्हाला विशेष वाटतं. प्रश्न येतच राहिले, आणि तोही नेटाने उत्तरं देत राहिला.

चेहऱ्यावरच्या भावांविषयीची तुमची प्रश्नावली त्याच्याकडेही गेली. बागेत कामाला असलेल्या निरनिराळ्या जमातींच्या माणसांकडे पाहून त्याने उत्तरं धाडली. 1872 च्या पुस्तकात तुम्ही छापलंत, की इतका भरघोस आणि मोलाचा तपशील दुसऱ्या कुणी पाठवला नाही. वनस्पती पाहण्यातून लागलेली अचूकतेची सवय इथे कामी आली. 1877 मध्ये ऑर्किडच्या दुसऱ्या आवृत्तीत ॲक्रोपेराचं प्रकरण दुरुस्त केलंत. गांडुळांवरचं पुस्तक 1881 मध्ये आलं, तेव्हा स्कॉटला जाऊन वर्ष झालं होतं. पाणी ओसरल्यावर बंगालची भातखाचरं गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या ढिगुळ्यांनी कशी भरून जातात, ही त्याची नोंद तुम्ही त्यात घेतलीत. ती त्याच्याच नावाने छापल्याबद्दलही आभार.

कळावे, लोभ असावा,
आपले,
हाताने परागीभवन करणारे काही फूलवेडे