वाक्य आणि विधान यांची गल्लत

महोदय,

कालच्या पुरवणीतील बर्ट्रंड रसेल आणि पी. एफ. स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञांमधील वादावरच्या लेखात ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे, हे वाक्य स्ट्रॉसन यांनी निरर्थक ठरवले’ असे छापून आले आहे. हे साफ चूक आहे. १९५० साली ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या निबंधात स्ट्रॉसन यांनी हे वाक्य सार्थच मानले होते, फ्रान्सला राजा नसताना कोणी ते उच्चारले, तर त्यातून कोणाविषयीच काही सांगितले जात नाही आणि म्हणून खरे-खोटे ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चौदाव्या लुईच्या आणि पंधराव्या लुईच्या काळात दोघांनी ‘फ्रान्सचा राजा शहाणा आहे’ असे म्हटले, तर वाक्य एकच, पण विधाने दोन, आणि त्यांतले एक खरे व दुसरे खोटे असू शकते. एवढे नेमके उदाहरण मूळ निबंधात असताना लेखकाने ‘वाक्य’ आणि ‘विधान’ हे शब्द आलटून पालटून वापरावेत, याचा मला मनापासून राग आला.

१९८३ साली एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मी हेच उत्तर देत होतो. परीक्षकांनी मला मध्येच थांबवले आणि ‘निरर्थक म्हणा, उगाच फाटे फोडू नका’ असे बजावले. मी तसे म्हटले नाही आणि माझे गुण गेले. पुढे शिकवू लागल्यावर दर वर्षी पहिला तास मी याच फरकासाठी राखून ठेवत असे, कारण मुलांच्या हातातल्या मार्गदर्शकांत तोच ‘निरर्थक’ शब्द असे. काल तो आपल्या पानावर दिसला.

रसेल निरुत्तर झाले, हा लेखाचा सूरही खरा नाही. १९५७ साली त्यांनी उत्तर दिले की, टकल्या राजाच्या आपल्या १९०५ च्या उदाहरणात ‘सध्याचा’ऐवजी ‘१९०५ मधील’ असे घातले, तर स्ट्रॉसन यांचा युक्तिवाद कोसळतो. मला ते उत्तर अपुरे वाटते, पण ते वाचकांपुढे यायला हवे होते.

गेल्या महिन्यात माझ्या पत्रातील ‘जर’ने सुरू होणारा अर्धा भाग गाळून उरलेला छापला गेला आणि जे मी अटीवर म्हटले होते ते माझे ठाम मत झाले. हे पत्र जागेअभावी कापावे लागले तर अवश्य कापावे, मात्र ‘वाक्य’ आणि ‘विधान’ हे शब्द जिथे आहेत तिथेच ठेवावेत, ही विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापक